भुसावळच्या उन्हात करंज सावरला तो असा

अंगणातला करंज दर उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळायचा. आळं बुंध्याला चिकटून, त्यात रोज बादलीभर पाणी. वरची माती ओली, हातभर खाली ठणठणीत कोरडी. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे एवढ्याने काय होणार? पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, म्हणून आळं तिथवर नेलं. रोजचं पाणी बंद. आठवड्यातून एकदा संध्याकाळी बारीक धारेने नळी सोडायची. मातीत सळई दोन फूट सहज गेली की पाणी पुरे.

खरा त्रास काळ्या मातीचा. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, मुळं तुटतात आणि पाणी सरळ खाली पळतं. भेगा शेणखत-मातीने बुजवल्या, वर केळीची वाळलेली पानं चार बोटं जाड अंथरली. (आमच्या जिल्ह्यात त्यांना काय तोटा!) बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवली, नाहीतर साल कुजते.

पावसाळ्यात आळं उताराच्या बाजूने फोडतो, कारण तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात. थंडीत तीनेक आठवड्यांनी एक पाणी. एप्रिल-मेमध्ये मात्र फांद्यांना कुऱ्हाड लावू देत नाही, वीजतारांचा प्रश्न असला तरच. उघडी पडलेली साल उन्हाने तडकते.