त्या एका रकान्यात काय लिहायचं

चोरीच्या गुन्ह्यात अडीच वर्षं आत काढली. गुन्हा केलाच होता. सुटल्यावर पहिल्याच नोकरीच्या फॉर्मवर 'कधी शिक्षा झाली आहे का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. अकराव्या दिवशी पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद आला. हिशोब हातावर ठेवत मालक म्हणाला, "चोरीचं बघितलं असतं रे. पण तू खोटं लिहिलंस."

तेव्हा आधी प्रश्न नीट वाचा. अटक, गुन्हा दाखल होणं, खटला चालू असणं, शिक्षा होणं या चार वेगळ्या गोष्टी. विचारलंय तेवढंच सांगा, पण खरं सांगा. फक्त शिक्षेबद्दल विचारलंय आणि तुम्ही निर्दोष सुटला असाल, तर उत्तर 'नाही'. घाबरून पुराण लिहू नका. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्म) मात्र बरंच खोदून विचारतात. 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माहिती खरीच हवी. लपवलेला गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणारा ते लपवणं सोडून देऊ शकतो. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असंही नाही. कडू आहे, पण माहीत असलेलं बरं.

निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. तुरुंगात न पाठवता परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलं असेल, तर 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचं कलम 12 वकिलाकडून समजून घ्या. दोषसिद्धीमुळे, म्हणजे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्याने टळते. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही.

मुलाखतीचा सराव मी ताईसमोर केला. मित्र, कर्ज, वकील, सगळं वीस मिनिटं सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "वकिलाचं कोण विचारतंय? काय केलंस, कधी सुटलास, आता काय येतं, एवढंच बोल." मग उरलं ते असं: "चोरी केली होती. शिक्षा पूर्ण झाली. आत सुतारकाम शिकलो, हे प्रमाणपत्र." आणि गप्प. हे गप्प बसणंच अवघड. समोरचा कागद चाळत असतो आणि आपली जीभ वळवळते.

फॉर्मवर विचारलंच नसेल, तर पहिल्या फोनवर सांगत सुटू नका. काम दाखवून झालं की सांगा, पण नेमणुकीचं पत्र हातात पडण्याआधी. आणि मालक स्वतः समोर बसतो अशा लहान जागा आधी धरा. मोठ्या कंपनीत तुमचं तोंडही न पाहिलेला माणूस फाइल बंद करतो.

तिसऱ्या वर्कशॉपात मालकाने अडकणारा ड्रॉवर पुढे सरकवला. दोनदा रंधा मारला, मेण लावलं, सरकला. मग मी माझी तीन वाक्यं बोललो. तो बराच वेळ ड्रॉवर आत-बाहेर करत राहिला.

"कपाटाची चावी कोणाकडे ठेवायची?"

"सहा महिने तुमच्याकडेच."

"सोमवारी ये," म्हणाला.