नेपोलियनकाळातील सैनिकांची साहसी कादंबरी लिहिताना

नेपोलियनच्या काळातील सैनिकांवर कादंबरी लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा १८०५ च्या ऑस्टरलिट्झपासून १८१५ च्या वॉटर्लूपर्यंतचा सगळा पट एकाच पुस्तकात बसवू पाहतो आणि त्याच्या नायकाला दर दोन प्रकरणांनी नव्या देशात जाऊन लढावे लागते. त्यापेक्षा काही आठवड्यांची एकच मोहीम निवडावी. सर जॉन मूर यांच्या ब्रिटिश सैन्याने डिसेंबर १८०८ च्या अखेरीस स्पेनमध्ये सुरू केलेली माघार मला यासाठी सर्वांत सोयीची वाटते. सहागूनहून गॅलिशियाच्या बर्फाळ डोंगरांतून कोरुन्ना बंदराकडे जाणारी वाट आणि मागावर असलेले फ्रेंच मार्शल सूल्ट यांचे सैन्य, एवढ्यावर कथानक उभे राहते.

त्यानंतर बंदूक समजून घ्यावी, कारण प्रसंगांची गती तीच ठरवते. पायदळाच्या सैनिकाकडे ठासणीची मस्केट असे. कागदी काडतूस दातांनी फाडायचे, चिमूटभर दारू ठिणगी पाडणाऱ्या चकमकीच्या दगडाजवळच्या छोट्या वाटीत टाकून झाकण लावायचे, उरलेली नळीत ओतून त्यावर गोळी व कागद गजाने ठासायचे, गज परत जागेवर लावायचा आणि मग नेम धरायचा. सरावलेला सैनिक मिनिटाला साधारण तीन बार काढी, म्हणजे दोन बारांमध्ये सुमारे वीस सेकंद. तुमच्या पात्राला त्या अवधीत लांबलचक संवाद म्हणता येणार नाही. एखादी शिवी किंवा शेजाऱ्याला मारलेली हाक मात्र सहज बसते. घाईत गज नळीतच राहिला, तर तो गोळीबरोबर उडून जातो आणि त्या सैनिकाच्या हाती फक्त संगीन उरते. दारूतील सोऱ्यामुळे तोंड खारट होऊन तहान लागते, ओठ काळे पडतात, आणि वारा नसेल तर काही फैरींतच समोरचा शत्रू पांढऱ्या धुरात दिसेनासा होतो. म्हणून लढाईचे वर्णन टेकडीवरून पाहणाऱ्या सेनापतीच्या नजरेने न करता रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने करावे.

माघारीच्या वाटेवर बेंबिब्रे येथे तळघरांतील वाइन पिऊन अनेक ब्रिटिश सैनिक मागेच राहिले आणि फ्रेंच घोडदळाच्या तलवारींखाली सापडले. (हा प्रसंग लिहिताना ‘दारू’ हा शब्द टाळावा, नाहीतर वाचकाला बंदुकीची की पिण्याची असा प्रश्न पडेल.) पुढे ओझे आवरेना म्हणून पगाराची चांदीची नाणी कड्यावरून लोटून देण्यात आली. उपाशी सैनिकाने ती पाहून काय करावे, हे लेखकाने ठरवायचे आहे.

हुद्द्यांबाबत सावध राहावे. ब्रिटिश पायदळात व घोडदळात अधिकारपद बरेचदा पैसे मोजून घेतले जाई, त्यामुळे साध्या शिपायाला अधिकारी केल्यास अधिकाऱ्यांच्या मेसमधला तुटकपणा पानोपानी जाणवला पाहिजे.

१६ जानेवारी १८०९ रोजी कोरुन्नाजवळ लढाई झाली आणि तिच्यात मूर मारले गेले. मात्र शेवट तिथेच करण्याचा मोह आवरावा. सैन्याला परत नेणाऱ्या जहाजांवर जागा नव्हती, म्हणून घोडदळाचे बहुतेक घोडे किनाऱ्यावरच मारून टाकावे लागले. तुमचे एखादे पात्र घोडेस्वार असेल, तर पहिल्या प्रकरणापासून त्याच्या घोड्याला नाव द्यावे.