नेदरलँड्समध्ये जुनं रांगेतलं घर घ्यायचंय? आधी पाया बघा

आम्स्टलव्हेनच्या भाड्याच्या फ्लॅटमधून निघून हार्लेम किंवा रॉटरडॅमच्या जुन्या वस्तीत स्वतःचं विटांचं घर घ्यावं, असं अनेक मराठी कुटुंबांच्या मनात येतं. रंगीत काचांची दारं, पुढे आलेली खिडकी, मागे चिमुकली बाग. जिना मात्र शिडीसारखा उभा असतो, आईवडील येणार असतील तर तो आधी चढून बघा.

१. पैशांचा हिशेब

फुंडा या संकेतस्थळावर घरं बघण्याआधी गृहकर्ज सल्लागाराला भेटा. कर्ज जास्तीत जास्त घराच्या मूल्यांकनाइतकं, म्हणजे १०० टक्के मिळतं. ऊर्जाबचतीच्या कामांसाठी थोडं वर मिळू शकतं. तुमची बोली मूल्यांकनाच्या पुढे गेली, तर वरचा फरक खिशातून भरायचा. जाहिरातीत किमतीपुढे ‘के.के.’ असतं, म्हणजे हस्तांतराचा खर्च घेणाऱ्याचा. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घरावर २ टक्के हस्तांतर कर लागतो. ५ लाख युरोच्या घरावर तो १० हजार होतो. वय ३५ च्या आत असेल आणि किंमत सरकारी मर्यादेत बसत असेल, तर पहिल्यांदा ही माफी घेणाऱ्याला तो भरावा लागत नाही. नोटरी, मूल्यांकन आणि सल्लागाराची फी वेगळी.

२. पाया

इथे घाई करू नका. पश्चिमेकडची बरीच शहरं मऊ पीट (कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत माती) आणि चिकणमातीवर उभी आहेत. तिथली दुसऱ्या महायुद्धापूर्वीची घरं बहुतेकदा जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर आहेत. हे खांब पाण्याखाली असेपर्यंत शतकानुशतकं टिकतात, कारण तिथे हवा पोहोचत नाही. कोरड्या उन्हाळ्यात किंवा फुटक्या गटारवाहिनीत पाणी झिरपून भूजल खाली गेलं, की खांबांची डोकी उघडी पडतात आणि बुरशी लागते. पाइनच्या खांबांना तर पाण्याखालीही जिवाणू पोखरतात.

रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पूर्ण रांग बघा. विटांच्या सांध्यांची आडवी रेघ कुठे झुकते? दाराच्या चौकटीवर तिरक्या भेगा आहेत का? आत जमिनीवर गोटी ठेवा. ती घरंगळली म्हणून घर लगेच बाद होत नाही. शंभर वर्षांपूर्वी बसलेलं घर आता स्थिर असू शकतं. अजून खचतंय का, हाच खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर डोळ्यांनी मिळत नाही. पायाचा अहवाल झाला आहे का ते विक्रेत्याला विचारा, नगरपालिकेच्या बांधकाम संग्रहातले मूळ नकाशे मागवा, भूजलाच्या नोंदी बघा. नेहमीची बांधकाम तपासणी वरवर दिसेल तेवढंच सांगते, खांबांसाठी वेगळी चौकशी करावी लागते.

शेजाऱ्यांचं दारही ठोठावा. रांगेतल्या दोन घरांमधली भिंत सामाईक असते आणि ती एकाच पायावर उभी असते. त्यामुळे दुरुस्ती एकट्याने करणं सहसा जमत नाही, पूर्ण ब्लॉकला तयार करावं लागतं. खर्च हजारो नव्हे, दहा-दहा हजारांच्या पटीत जातो आणि लाख युरोही ओलांडू शकतो. माझ्या मते, अहवाल नसलेल्या सुंदर घरापेक्षा पाया दुरुस्त झालेलं कुरूप घर बरं.

३. बाकीचं घर

१९९३ मध्ये बंदी येण्याआधीच्या घरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तर १९६० च्या आधीच्या घरांत शिशाच्या पाणीवाहिन्या. जमिनीखालच्या पोकळीचं झाकण उघडायला लावा आणि ओल आहे का बघा. १९२० च्या आधीच्या भिंती बहुधा भरीव असतात, त्यामुळे भिंतीच्या पोकळीत इन्सुलेशन भरण्याचा स्वस्त मार्ग तिथे नसतो. वस्ती संरक्षित असेल, तर खिडक्या बदलायलाही परवाना लागू शकतो.

४. जमीन कोणाची?

आम्स्टरडॅममध्ये १८९६ पासून नगरपालिका जमीन भाडेपट्ट्याने देते. अशा ठिकाणी घर तुमचं, जमीन तिची. भाडं किती, कधी वाढणार, की आधीच एकरकमी भरलंय, हे बोलीआधी कळायला हवं. मागच्या बोळातून शेजाऱ्यांना जायचा हक्क आहे का, हे जमीन नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे कडास्टरच्या, कागदांत सापडतं.

५. बोली आणि करार

किंमत पाडून मागायची आपली सवय इथे फारशी कामाची नाही. मागणी असलेल्या वस्तीत जाहिरातीतली किंमत ही बऱ्याचदा सुरुवात असते. खरेदीदाराच्या बाजूचा एजंट, म्हणजे माकेलार, घ्या. विक्रेत्याचा माकेलार गोड बोलला तरी तो विक्रेत्याचाच. जिंकण्यासाठी ‘कर्ज मिळालं नाही तर करार रद्द’ आणि ‘तपासणी समाधानकारक हवी’ या अटी काढून टाकायचा मोह होतो. जुन्या घरासाठी दुसरी अट तरी सोडू नका.

करारात ‘जुनेपणाचं कलम’ असेल तर ते सावकाश वाचा. जुन्या घराकडून नव्याइतकी अपेक्षा ठेवता येणार नाही, असं ते सांगतं, आणि पुढे तक्रार करताना तेच आडवं येतं. सहीचा करार हातात आल्यावर कारण न देता माघार घ्यायला तीन दिवस मिळतात, त्यात किमान दोन कामाचे. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत सहसा १० टक्के अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते.

विक्रेता काय ठेवून जाणार, याची यादी करारासोबत असते. लॅमिनेट फरशी आणि पडदे काढून नेण्याची इथे रीत आहे, तेव्हा गृहीत धरू नका. हस्तांतरासाठी नोटरीकडे जाण्याआधी घर पुन्हा फिरून बघा, मीटरचे आकडे लिहून घ्या आणि यादीत नसलेली जुनी कपाटं आधी हलवायला लावा.