पिंग येतोय, पण बोर्ड मेलाय: छोट्या उपकरणासाठी इथरनेट चिप निवडताना या चुका टाळा

साइटवरून फोन येतो, "साहेब, बोर्ड बंद पडलाय." तुम्ही ऑफिसातून पिंग करून ('आहेस का?' असा छोटा निरोप पाठवून) बघता, तर झटपट उत्तर येतं. "अहो, चालू आहे की!" म्हणून तुम्ही फोन ठेवता. यात खोटं कुणीच बोलत नसतं. बोर्डावर डब्ल्यू५५०० ही इथरनेट चिप असेल, तर पिंगला उत्तर ती चिपच देते. मागचा मायक्रोकंट्रोलर कधीचा अडकून पडला असला, तरी तिला त्याचं सोयरसुतक नसतं.

म्हणून चिप घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: नेटवर्कचं किती काम चिप करणार आणि किती माझ्या गळ्यात पडणार? लॅन८७२० ही नुसती पीएचवाय आहे. ती तारेवरचे सिग्नल सांभाळते, बाकी सगळं मायक्रोकंट्रोलरने करायचं. ईएनसी२८जे६० मध्ये मॅकही (फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, बांधणारा आणि तपासणारा भाग) आहे आणि ८ केबी बफरही, पण टीसीपी-आयपी, म्हणजे जोडण्या सांभाळण्याचं काम, तुमच्या रॅममध्ये चालतं. डब्ल्यू५५०० टीसीपी-आयपीसुद्धा स्वतःच चालवते. आपल्याकडे मात्र निवड होते ती "ही १० एमबीपीएस, ती १००, मग १०० वाली घेऊ" अशी.

वेगाचं हे गणित फसवं आहे. आर्डुइनो उनो या बोर्डाचा एसपीआय (कंट्रोलर आणि चिप यांच्यातली तारांची वाट) जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झवर चालतो. म्हणजे पलीकडे १०० एमबीपीएसची चिप असली, तरी त्या वाटेने सेकंदाला ८ मेगाबिटच्या वर काही जाणार नाही. शिवाय वीजमीटरचं रीडिंग पाठवायला काही शे बाइट पुरतात. उनोवर खरी अडचण रॅमची आहे. तिथे एकूण रॅम २ केबी आणि पूर्ण इथरनेट फ्रेम १५१८ बाइटची. एका फ्रेमने घराचा पाऊण भाग अडवला, तर तुमचा प्रोग्रॅम राहणार कुठे? पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून ईएनसीचं स्वस्त मॉड्यूल उचलून आठ-आठ दिवस लायब्ररीशी झटणारे विद्यार्थी मी पाहिलेत. चूक मॉड्यूलची नसते. ३२ बिटचा, ऐसपैस रॅमचा कंट्रोलर आणि एलडब्ल्यूआयपी ही टीसीपी-आयपीची लायब्ररी सोबत असेल, तर तीच चिप गुण्यागोविंदाने नांदते.

डब्ल्यू५५०० घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. तिच्यात सॉकेट (एकेका जोडणीची जागा) आठ. त्यातलं एखादं डीएचसीपीला (आयपी पत्ता मिळवायला) जातं, एखादं डीएनएसला (नावावरून पत्ता शोधायला). त्यातही आर्डुइनोची अधिकृत लायब्ररी २ केबी रॅमच्या बोर्डावर चारच सॉकेट वापरते. नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट पुढे आहे: पोर्टवर कान लावून बसलेलं सॉकेट क्लायंट आला की त्याच्याशीच बोलायला लागतं, आणि दारात कुणी उरत नाही. दुसऱ्या क्लायंटसाठी त्याच पोर्टवर दुसरं सॉकेट आधीच बसवून ठेवावं लागतं. संगणकावर सॉकेट प्रोग्रॅमिंग शिकलेल्याला हे सुचतच नाही.

सुरुवातीच्या पिंगच्या भानगडीचं मूळही बहुतेकदा इथेच सापडतं. समोरच्याने जोडणी तोडली की सॉकेट क्लोज-वेट स्थितीत जाऊन थांबतं. ते तुम्ही बंद केलं नाही, तर कायमचं अडकतं. दोन दिवसांनी एक, आठवड्याने आणखी एक, असं करत सगळी संपतात. मग पिंग येतो पण वेबपेज उघडत नाही, आणि वीज बंद-चालू केली की सगळं ठणठणीत. समोरच्या संगणकाची वीजच गेली, तर जोडणी तुटल्याचा निरोपही येत नाही. सॉकेट आपलं 'एस्टॅब्लिश्ड' म्हणत वाट बघत बसतं. त्यासाठी कीप-अलाइव्हचं, म्हणजे पलीकडे कुणी आहे का हे अधूनमधून विचारण्याचं, रजिस्टर आहे. त्याचं एकक ५ सेकंदांचं आहे, आणि जोडणीवर एकदा तरी डेटाची देवाणघेवाण झाल्याशिवाय ते कामाला लागत नाही. (ईएसपी३२ च्या ईएसपी-आयडीएफ या सॉफ्टवेअर संचात हीच चिप मॅक-रॉ पद्धतीने, म्हणजे तिचं टीसीपी-आयपी न वापरता, चालवतात. तिथे पिंगला उत्तर तुमचं सॉफ्टवेअरच देतं, त्यामुळे हा चकवा तिथे लागू नाही.)

आता डुप्लेक्स: फुल म्हणजे एकाच वेळी बोलणं-ऐकणं, हाफ म्हणजे आळीपाळीने. मी स्वतः यात चांगलाच पोळलो आहे. ईएनसी२८जे६० ला ऑटो-निगोशिएशन (वेग आणि डुप्लेक्स आपसांत ठरवणं) येत नाही. स्विच नुसत्या पल्सवरून ओळखतो की पलीकडे १० एमबीपीएसवालं कुणीतरी आहे, आणि नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरून चालतो. मी मात्र "फुल म्हणजे जास्त चांगलं" असं समजून रजिस्टरमध्ये फुल डुप्लेक्स लिहून मोकळा झालो होतो. टेबलावर सगळं छान चाललं. कारखान्यात बसवलं, तर पिंग जायचा, छोटी पाकिटं जायची, पण रहदारी वाढली की पाकिटं गळायची. तीन केबली बदलल्या, आर्थिंगला शिव्या घातल्या. शेवटी स्विचच्या पोर्टवर लेट कोलिजनचे (उशिरा झालेल्या टकरींचे) आकडे वाढताना दिसले, तेव्हा ट्यूब पेटली. आमची चिप न ऐकता बोलत होती आणि स्विचला ती टक्कर वाटत होती. स्विचचा पोर्ट हाताने फुल डुप्लेक्स करण्याची सोय नसेल, तर हाफच ठेवा. डब्ल्यू५५०० वर हट्टाने '१०० फुल' बांधून टाकलं, तरी हीच गत होते. तिला ऑटोवरच सोडा. आणि नव्या मल्टी-गिग स्विचांचे काही पोर्ट १० एमबीपीएस मुळीच स्वीकारत नाहीत. ग्राहकाकडे तसा स्विच असेल, तर ईएनसीचा विषय तिथेच संपला.

दोन बोर्ड साध्या केबलने थेट जोडले आणि लिंकचा दिवाच लागला नाही? ईएनसी किंवा डब्ल्यू५५०० मध्ये ऑटो-एमडीआयएक्स (केबलच्या जोड्या आपोआप उलटण्याची सोय) नाही. मध्ये स्विच टाका किंवा क्रॉस केबल वापरा.

विजेकडे तर बघतच नाही कुणी. ईएनसी पाठवताना १८० मिलिअँपिअरपर्यंत ओढू शकते, आणि उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर ५० मिलिअँपिअरच घ्यावेत असं लिहिलेलं आहे. लिंक येते, पहिलं पाकीट जाताना व्होल्टेज बसतं, चिप रीसेट होते, आणि दोष लायब्ररीच्या माथी जातो. वेगळा रेग्युलेटर द्या. पण १२ व्होल्टवरून थेट १११७ हा लिनियर रेग्युलेटर लावू नका. २०० मिलिअँपिअरला त्यात पावणेदोन वॅट जळतात, बोट ठेववत नाही.

लॅन८७२० घ्यायची, तर कंट्रोलरमध्ये मॅक हवा. एसटीएम३२ एफ४०७ मध्ये आहे, ब्लू पिल बोर्डावरच्या एफ१०३ मध्ये नाही. मूळ ईएसपी३२ मध्ये आहे, एस३ आणि सी३ मध्ये नाही. नावं सारखी म्हणून बोर्ड बदलला आणि पीसीबी वाया गेली, हे नेहमीचंच. मूळ ईएसपी३२ वरही ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक जीपीआयओ० वर येतं, आणि बूट कसं व्हायचं हेही तीच पिन ठरवते. चालू होतानाच क्लॉक धडकलं, तर बोर्ड कधी उठतो, कधी नाही. म्हणून डब्ल्यूटी३२-ईटीएच०१ सारख्या बोर्डांवर ऑसिलेटर दुसऱ्या पिनने उशिरा चालू करतात.

मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची प्रत्येक उपकरणाची वेगळी ओळख, ईएनसी आणि डब्ल्यू५५०० दोन्हींत कोराच येतो. उदाहरणांतला तो प्रसिद्ध 'डेड बीफ फीड' पत्ता तसाच ठेवून दहा बोर्ड एका नेटवर्कवर लावले, की ते आळीपाळीने गायब होतात. २४एए०२ई४८ ही चिमुकली ईईप्रॉम कारखान्यातूनच स्वतंत्र पत्ता घेऊन येते, ती लावा.

बोर्ड अगदीच मुका असेल, तर प्रोग्रॅम उकरण्याआधी आवृत्तीचं रजिस्टर वाचा. डब्ल्यू५५०० हेक्समध्ये ०४ देते, ईएनसीची बी७ आवृत्ती ०६. ०० किंवा एफएफ आलं, तर एसपीआयच्या तारा, चिप-सिलेक्टची पिन (ईएनसीच्या इथरकार्ड लायब्ररीच्या जुन्या उदाहरणांत ती ८ आहे, बऱ्याच शील्डवर १०) आणि रीसेट तपासा. रीसेट सोडल्यावर डब्ल्यू५५०० ला पीएलएल (आतलं क्लॉक) स्थिरावायला निदान १ मिलिसेकंद द्या. आकडा बरोबर येतोय पण लिंक नाही, तर बायसचा रेझिस्टर मोजा: ईएनसीला २.३२ किलोओहम, डब्ल्यू५५०० ला १२.४, लॅन८७२० ला १२.१, तिन्ही १ टक्केवाले. ड्रॉवरमधला "जवळपास तेवढाच" इथे चालत नाही.