कोणत्या डागाची बायोप्सी? बालरोग विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यात थंडी पडू लागली की ओपीडीत हे मूल येतंच: पंधरवड्यापूर्वी सर्दी-घसा, आता पोटऱ्यांवर हाताला लागणारे जांभळे डाग, घोटे सुजलेले, पोटात कळा. प्लेटलेट्स नॉर्मल. पूर्वी याला हेनॉख-शोनलाइन पुरपुरा म्हणत. २०१२ च्या चॅपल हिल नामावलीपासून (रक्तवाहिन्यांच्या दाहांची नावं ठरवणारी यादी) आयजीए व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे आयजीए हे प्रतिपिंड साचून होणारा बारीक रक्तवाहिन्यांचा दाह. रक्तातल्या आयजीएची पातळी मागवून पालकांचे पैसे घालवू नका. ती बऱ्याच मुलांत नॉर्मल येते, आणि वाढलेली आली तरी निदान पक्कं होत नाही.

गोम आयजीए किती यात नसून ते घडलंय कसं यात आहे. विशेषतः किडनीला झळ लागलेल्या मुलांत आयजीए-१ वरच्या साखरेच्या साखळीत गॅलॅक्टोज कमी असतं. त्यावर आयजीजी प्रतिपिंडं चिकटतात आणि तयार झालेली इम्यून कॉम्प्लेक्सेस बारीक वाहिन्यांत साचतात. पायांत रक्ताचा दाब जास्त, म्हणून डाग आधी तिथे. इथे कॉम्प्लिमेंट (प्रतिकारशक्तीतली रक्तातल्या प्रथिनांची साखळी) मुख्यतः पर्यायी आणि लेक्टिन मार्गाने जागं होतं. रक्तातलं सी३, सी४ (याच साखळीतली प्रथिनं) बहुधा नॉर्मलच राहतं. सी३ उतरलेलं दिसलं तर आधी ल्युपस आणि स्ट्रेप्टोकॉकसनंतरचा नेफ्रायटिस (किडनीचा दाह) शोधा.

नेहमीच्या चित्राला बायोप्सी लागत नाही. शंका असेल तेव्हा लागते, आणि घोळ तिथेच होतो. आई दाखवते तो सगळ्यात काळाभोर डाग बहुधा सगळ्यात जुना असतो. ४८ तासांत साचलेली प्रथिनं साफ होऊ लागतात आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. रात्रीच्या राउंडला दिसतील तेवढ्या डागांभोवती पेनने गोल काढा, सकाळी गोलाबाहेर उगवलेला डाग घ्या. दोन तुकडे हवेत: एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी (साचलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी) मिशेल माध्यमात, म्हणजे ती प्रथिनं टिकवणाऱ्या द्रावणात. दुसराही फॉर्मालिनमध्ये गेला, तर इम्युनोफ्लोरेसन्स विसरा.

शंकेच्या मुलात क्रायोग्लोब्युलिन, म्हणजे थंडीत गोठणारी प्रतिपिंडं, तपासायची तर नमुना थंड होऊ द्यायचा नसतो. हडपसरच्या नर्सिंग होममधून डेक्कनच्या लॅबला नमुना सवयीने बर्फाच्या डब्यात जातो, प्रथिन गुठळीतच गोठतं आणि सीरममध्ये काही सापडत नाही. सिरिंज कोमट करा, सीरम वेगळं होईपर्यंत ३७ अंश सांभाळा. खरं तर लॅब आहे तिथेच मुलाला पाठवणं सोपं.

आन्काचं (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) गणित वेगळं: प्रतिपिंडं रक्तात, पण वाहिनीच्या भिंतीत साचलेलं जवळजवळ काहीच नाही. तिथे प्रतिपिंडं न्यूट्रोफिललाच चेतवतात. ही प्रतिपिंडं ज्यांच्यावर बसतात त्या पीआर३ आणि एमपीओ या प्रथिनांची थेट चाचणी मागवा. क्षयरोगात आणि एंडोकार्डायटिसमध्येही आन्का पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून रिपोर्ट हातात आला की लगेच सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लिहू नका.

आयजीए व्हॅस्क्युलायटिसच्या मुलाच्या डिस्चार्जच्या वेळी स्टिरॉइडच्या भरवशावर राहू नका. त्याने नेफ्रायटिस टळत नाही. तो बहुधा पहिल्या ४ ते ६ आठवड्यांत उगवतो, कधी उशिराही. सहा महिने बीपी आणि सकाळची पहिली लघवी तपासायची. डाग गेले की भोर-जुन्नरहून येणारे पालक फेरी टाळतात, तेव्हा डिपस्टिक (लघवीत बुडवायची रंग बदलणारी पट्टी) कशी वाचायची ते आईला वॉर्डातच शिकवा, आणि कोणता रंग दिसला की त्याच दिवशी निघायचं तेही कार्डावर लिहून द्या.