बॅकअपची फाईल डिलीट होत नाही? जोर लावण्याआधी या चुका टाळा

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या एका काकूंची एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क भरून गेली होती. सगळी जागा खाल्ली होती ‘विंडोज इमेज बॅकअप’ नावाच्या फोल्डरनं, आणि डिलीट दाबलं की परवानगी नसल्याचा संदेश. भाचा म्हणाला, “मामी, फॉरमॅट मारून टाका.” त्याच डिस्कवर काकांच्या साठीशांतीचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नसलेले. काकूंनी फॉरमॅट करण्याआधी मला विचारलं म्हणून ते वाचले.

तर पहिली चूक तीच. एक फोल्डर हटत नाही म्हणून अख्खी डिस्क पुसू नका. आम्ही आधी जेल रोडवरून पेनड्राइव्ह आणला, फोटो त्यावर उतरवले, उघडून पाहिले आणि मगच त्या फोल्डरला हात लावला.

असं फोल्डर अडतं ते बहुधा मालकीमुळे. सिस्टिमचा बॅकअप विंडोज स्वतःच्या खात्यातून लिहितं, त्यामुळे तुमच्या खात्याला तो पुसायचा हक्क नसतो. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जा आणि ‘ओनर’समोरच्या ‘चेंज’मधून स्वतःचं खातं निवडा. आतल्या फोल्डरांनाही हाच मालक लावण्याची चौकट टिक करा, मग फुल कंट्रोल द्या. हे फक्त त्या एका फोल्डरवर करायचं. काही जण वैतागून पूर्ण सी ड्राइव्हची मालकी घेतात. तिथल्या परवानग्या विस्कटल्या की विंडोज बिघडू शकतं आणि पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते.

सी ड्राइव्हवरचं ‘विंडोज डॉट ओल्ड’, म्हणजे जुन्या विंडोजचं फोल्डर, मात्र हातानं पुसायला जाऊ नका. विंडोज अपग्रेड झाल्यावर ते तयार होतं आणि साधारण 10 दिवसांनी आपोआप जातं. घाई असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून काढा. त्यानंतर जुन्या विंडोजवर परतता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

सगळ्यात जास्त नुकसान होताना मी पाहिलंय ते बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं बनवलेल्या फाइल्सचं. समजा रविवारी पूर्ण बॅकअप झाला आणि सोमवारपासून रोज फक्त बदल साठवले गेले. बुधवारची फाईल मोठी दिसली म्हणून तुम्ही तेवढीच उडवली, तर गुरुवारपासून पुढच्या फाइल्स जागेवर असूनही निरुपयोगी होतात, कारण प्रत्येक फाईल आधीच्या फाईलवर उभी असते. काही सॉफ्टवेअर रॅन्समवेअरपासून (फाइल्स अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून) बचाव म्हणून आपल्या फाइल्सना मुद्दाम कुलूप घालतात. ते बाहेरून तोडू नका. त्याच सॉफ्टवेअरमध्ये जाऊन जुना बॅकअप काढा. साखळीतलं काय ठेवायचं, काय नाही, ते त्याला नीट कळतं.

फाईल वापरात असल्याचा संदेश आला तर विंडोजमधलंच ‘रिसोर्स मॉनिटर’ हे टूल उघडा. ‘सीपीयू’ टॅबमधल्या ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधपट्टीत फाईलचं नाव टाका, तिला कोणी धरून ठेवलंय ते दिसेल. तो प्रोग्रॅम नीट बंद करा. बॅकअप चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबा, मध्येच केबल ओढू नका. आणि अडलेली फाईल जबरदस्तीनं सोडवणारा ‘अनलॉकर’ नेटवरून मिळेल तो उतरवू नका. अशा फुकट टूल्ससोबत नको ते सॉफ्टवेअरही मशीनमध्ये शिरतं.

नाव फार लांब असल्याची तक्रार असेल तर उपाय सोपा. फोल्डरात फोल्डर होत गेलं की पूर्ण पत्ता 260 अक्षरांच्या पुढे जातो. वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा, पत्ता आखूड होतो आणि फाईल निघते.

फाईल खराब झाली आहे, वाचता येत नाही, असा संदेश आला तर तिथेच थांबा. डिस्कच दगा देत असू शकते. लोक लगेच चेक डिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल चालवतात; माझं कळकळीचं सांगणं, आधी जे वाचता येतंय ते दुसरीकडे उतरवा. दुरुस्तीच्या भरात मरायला टेकलेली डिस्क पूर्ण बसू शकते.

एवढं करूनही फाईल हलली नाही आणि कोणाला विचारायचं असेल, तर स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढून पाठवा. ‘डिलीट होत नाही’ एवढ्यावरून यातलं कोणतं कारण आहे ते कळत नाही. संदेशातल्या नेमक्या शब्दांवरून बहुतेक वेळा कळतं.