जुना फोन मुलाला देताना: आधी पुसा, मग कुलपं लावा

नवा फोन घेतला की जुना मुलाच्या हातात जातो, हे गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत घरोघरी चालतं. आमच्याकडेही तसंच झालं. मी सिम काढून घेतलं, मुलाने वॉलपेपरवर क्रिकेटपटू लावला, आणि फोन त्याचा झाला. गूगलचं खातं मात्र माझंच राहिलं. तीन महिन्यांनी बँकेचा मेसेज आला. कुठल्याशा गेममधल्या बंदुकीचा रंग बदलायला ७९९ रुपये गेले होते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी फक्त ओके दाबलं." खोटं नव्हतं ते. खातं माझं, त्यात साठवलेलं कार्ड माझं, आणि खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारायची सोय कटकट नको म्हणून मीच बंद करून ठेवलेली.

म्हणून पहिली पायरी कुलपांची नाही, फोन पुसण्याची, म्हणजे त्यातलं आपलं सगळं काढून टाकण्याची. आपले फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. गॅलरीत आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो असतातच, तेही काढून घ्या. यूपीआयच्या अ‍ॅपमधून लॉगआउट करा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन आपलं गूगल खातं फोनवरून काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट (फोन नव्यासारखा कोरा करणं) करा. खातं न काढता रीसेट केलं तर पुढे फोन तुमचाच जुना पासवर्ड मागत अडून बसू शकतो.

दुसरी पायरी, मुलाचं स्वतःचं खातं. फोन पुन्हा सुरू होताना साइन-इनच्या पानावर नवीन खातं काढायचा पर्याय येतो, त्यात 'मुलासाठी' असं निवडायचं. इथे बहुतेक जण एक चूक करतात. जन्मसाल २००० टाकून मोकळे होतात, कारण मग फोन काही विचारत नाही. पण मूल कागदोपत्री पंचविशीचं झालं की पुढचं एकही कुलूप नीट बसत नाही. खरी तारीख टाका. भारतात १३ वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकाच्या खात्याला जोडावं लागतं आणि ती परवानगी तुमच्या ईमेल-पासवर्डने तिथेच द्यायची असते. (आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांपर्यंत मूल मानतो, पण गूगलची रेघ तेराची आहे.) आधीच खोट्या वयाचं खातं असेल तर खात्याच्या माहितीत जन्मतारीख दुरुस्त करा, मग गूगल स्वतःच पालकाची संमती मागतं. मूल १३ पूर्ण असेल तर त्याच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल या भागात 'पॅरेंटल कंट्रोल्स' (पालकांची बंधनं) सापडेल. तिथे मात्र त्याचीही हो लागते, तेव्हा शेजारी बसवूनच करा.

आता तुमच्या फोनवर प्ले स्टोअरमधून गूगलचं 'फॅमिली लिंक' उतरवा, मुलाच्या फोनला कुलपं लावायचं अ‍ॅप ते हेच. ते फुकट आहे. मुलाचा फोन अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा हवा. मुलाचं खातं जोडलेलं दिसलं की आधी एक काम करा: कुटुंबाच्या यादीत आईला किंवा बाबांना, जे बाकी असतील त्यांना, 'पालक' म्हणून घाला. नाहीतर प्रत्येक परवानगी एकाच्याच फोनवर येते आणि तुम्ही पणजीत मीटिंगमध्ये असताना 'ड्रॉइंगचं अ‍ॅप घेऊ का' याची घंटी वाजत राहते.

वेळेच्या सेटिंग सोप्या आहेत, फार लिहीत नाही. दिवसाची मर्यादा, रात्रीची बंद वेळ, शाळेची वेळ, आणि एकेका अ‍ॅपसाठी वेगळी मिनिटं. दिवसाची मर्यादा प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र मोजली जाते, हे लक्षात असू द्या. फोनला एक तास आणि टॅबलाही एक तास दिला तर मुलाला दोन तास मिळतात, आणि हे गणित मुलांना शाळेतल्या गणितापेक्षा लवकर येतं. फोन बंद वेळेत गेला तरी आलेला कॉल घेता येतो. डायलरसारखी गरजेची अ‍ॅप 'नेहमी चालू'च्या यादीत टाकून ठेवा.

खरं काम पुढे आहे, कारण पुढचं दार बंद केलं की मुलं परसदाराने जातात.

ब्राउझर घ्या. फॅमिली लिंकमध्ये क्रोमसाठी तीन पर्याय आहेत: सगळ्या साइट खुल्या, अश्लील साइट अडवण्याचा प्रयत्न, किंवा फक्त तुम्ही मंजूर केलेल्या साइट. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मधला ठीक. 'प्रयत्न' हा शब्द गूगलचाच आहे, तो तसाच घ्यावा. पण ही गाळणी फक्त क्रोमला लागते. फोन बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा एखादा ब्राउझर आधीच घालून दिलेला असतो, त्याला ती माहीत नसते. अ‍ॅपच्या यादीत जाऊन क्रोम सोडून बाकीचे सगळे ब्राउझर ब्लॉक करा. माझ्या जुन्या फोनवर असे दोन निघाले. त्यातला एक मी कधी उघडलाही नव्हता, मुलाने उघडला होता.

गेमच्या फाइल मित्रांच्या फोनवरून थेट येतात, प्ले स्टोअरला वळसा घालून. त्यासाठी मुलाच्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये 'अज्ञात ठिकाणाहून अ‍ॅप' हे बंद ठेवा. प्ले स्टोअरमध्ये नवं काहीही उतरवताना तुमची मंजुरी लागेल असं करा, आणि खरेदीलाही. एकदा मंजूर केलेलं अ‍ॅप मुलाने काढून पुन्हा घातलं तर दुसऱ्यांदा विचारलं जात नाही. एखादं नको झालं तर नुसतं काढू नका, ब्लॉक करा.

यूट्यूबची गोष्ट वेगळी. तेराखालच्या मुलाला एकतर यूट्यूब किड्स किंवा देखरेखीखालचं यूट्यूब, आणि त्यात तीन पातळ्या: साधारण नऊ वर्षांपुढची, तेरापुढची, आणि जवळजवळ सगळं. सहावीतल्या मुलाला यूट्यूब किड्स दिलं तर तो तुमच्याकडे दयेने बघतो. पहिल्या पातळीने सुरुवात करा. आठवड्यातून एकदा जेवताना त्याची हिस्ट्री त्याच्यासमोरच बघा, मागून नको.

व्हॉट्सअ‍ॅपची वयाची अट १३ आहे. शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो हे खरं, पण तो ग्रुप आईच्या फोनवर असला तरी अभ्यास होतो. तेरानंतर दिलंत तर प्रायव्हसीमध्ये जाऊन 'ग्रुप'मध्ये कोण घालू शकतं ते 'माझे संपर्क' करा आणि अनोळखी कॉल गप्प करायची सोय चालू करा. अनोळखी माणसाने फोटो मागितला, धमकी दिली, तर मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या. सायबर तक्रारीचा नंबर १९३०, मुलांच्या मदतीचा १०९८. दोन्ही मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

घरात आयफोन असेल तर वेगळं अ‍ॅप लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन टाइम' आहे, फॅमिली शेअरिंगमधून मुलाचं खातं जोडायचं आणि चार आकडी वेगळा पासकोड घालायचा. फोनचाच पासकोड तिथे घालू नका. आणि मुलाची जन्मतारीखही नको, हे सांगावं लागतं कारण माझ्या मेहुण्याने तीच घातली होती.

शेवटची पायरी बहुतेकांना माहीतच नसते. फॅमिली लिंकमध्ये 'पेरेंट अ‍ॅक्सेस कोड' नावाचा बदलता आकडा मिळतो. मुलाच्या फोनला नेट नसलं तरी तो कोड टाकून कुलूप उघडता येतं. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर तो किती कामाचा आहे, हे मला गेल्या गणेश चवथीला कळलं. पोरगं आधीच आजीकडे गेलेलं, मी फोंड्यातच अडकलेला. नऊ वाजता लँडलाइनवरून त्याचा फोन. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) आरती सुरू होणार, त्याला व्हिडिओ काढायचाय, आणि फोनला कुलूप. कॅमेरा 'नेहमी चालू'च्या यादीत टाकायचं मी विसरलो होतो. इथून वेळ वाढवली, पण तिथे नेटच नाही, तर पोचणार कशी? शेवटी कोड उघडला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. एकदा चुकला, पुन्हा वाचला. मागे घुमट वाद्यावर थाप पडलेली ऐकू येत होती. "लागला बाबा!" म्हणाला, आणि रिसीव्हर तसाच बाजूला टाकून पळाला. अर्धी आरती मी तशीच ऐकली.